नानांना घेऊन बर्लिनला जाताना

प्रश्न : आमची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. माल दरवर्षी निर्यातदाराला देतो. यंदा शेतकरी गटाने ठरवलं, की बर्लिनला फेब्रुवारीत ‘फ्रूट लॉजिस्टिका’ हा फळांचा मोठा मेळा भरतो, तो दोघांनी बघून यावा. नावं निघाली माझं आणि सासऱ्यांचं. नाना अडुसष्ट वर्षांचे, माळकरी, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. टोपी-पायजमा सोडायला तयार नाहीत. आमच्या घरातलं कुणीच परदेशात गेलेलं नाही. माझं इंग्रजी बेताचं. यजमान बागेत थांबतील, पण ऐन तोडणीत कशाला जाता असं घरचे म्हणतात. दोन पेट्या चांगली द्राक्षं दाखवायला न्यावीत, असं नानांच्या मनात आहे. सुरुवात कुठून करू?
— निफाड तालुक्यातील एक वाचक

उत्तर : ताई, पहिल्यांदा पेट्यांचं सांगते. बाकी कशात थोडंफार चुकलं तर निभावून नेता येईल, यात नाही. सामानातून द्राक्षं नेऊ नका. एक घडसुद्धा नको. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात शिरताना प्रवाशाजवळ ताजं फळ असेल तर त्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (फळाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. सूट फक्त पाच फळांना आहे : अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. द्राक्षं त्यात नाहीत, आणि फोडणीसाठी डब्यात टाकलेला कढीपत्ताही नाही. तपासणीत सापडलं तर माल जप्त होतो, दंडही होऊ शकतो. ज्या बाजाराला आपण रेसिड्यू (फळावर उरलेला औषधांचा अंश) तपासून, ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत प्लॉट नोंदवून माल पाठवतो, त्याच बाजाराच्या दारात आपल्या पिशवीत बिनकागदाची द्राक्षं निघावीत, हे नानांनाही रुचणार नाही. त्यांना एवढं सांगितलंत की ते लगेच समजतील. नमुना दाखवायचाच असेल तर तुमच्या निर्यातदाराला आत्ताच विचारा. मेळ्यात मांडायला जो माल रीतसर कागदांसह विमानाने जातो, त्यात तुमच्या प्लॉटच्या पेट्या बसतात का, हे तोच सांगू शकेल.

दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांनाही तिथे बंदी आहे. पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच ठेवा. चटण्या, पिठं, चिवडा, तिळाचे लाडू खुशाल न्या.

आता व्हिसा. जर्मनीचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा) व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि अर्ज निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, तपास लांबला तर पंचेचाळीस दिवसही लागतात. तुमची खरी अडचण मात्र तारखांची नाही, छाटणीची आहे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मधेच पाऊस आला की डाऊनी या रोगावरच्या फवारण्या, आणि बघता बघता डिसेंबर उजाडतो. मग व्हीएफएसची (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) तारीख मिळत नाही, बँकेचा कागद राहिलेला असतो, आणि जीव टांगणीला लागतो. म्हणून छाटणीची कात्री हातात घेण्याआधी निम्मी कागदपत्रं तयार असू द्या.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. नवीन काढायचा असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ याच आठवड्यात घ्या. तुमच्या पासपोर्टवर नाव माहेरचं असो की सासरचं, विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसाच्या अर्जावर ते अक्षर न अक्षर तसंच असलं पाहिजे. अर्ज बिझनेस व्हिसाचा करा. सोबत मेळ्याचं तिकीट, गटाच्या लेटरहेडवर पत्र (कोण जातंय, कशासाठी, खर्च कोण करतंय), राहण्याचं बुकिंग आणि बँक खात्याचा उतारा. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरत नसाल तर घाबरू नका. सातबारा, ८अ, निर्यातदाराकडून खात्यावर जमा झालेल्या रकमा आणि विक्रीच्या पावत्या नीट लावा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. खात्यावर आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, ती डोळ्यांवर येते. व्हिसाची फी माणशी ९० युरो, वर व्हीएफएसचं सेवाशुल्क. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जातीने जावं लागेल, तेव्हा नानांना घेऊन मुंबईची एक खेप धरून चाला.

विमा किमान ३०,००० युरोंचा असणं बंधनकारक आहे. त्यात नानांचा बीपी लिहा. ‘कशाला सांगायचं’ म्हणून लपवला आणि तिथे दवाखान्याची वेळ आली, तर विमा कंपनी हात वर करेल. गोळ्या मुक्काम अधिक एक आठवडा पुरतील एवढ्या, मूळ पाकिटांसह, हातातल्या बॅगेत ठेवा. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या.

तिकीट काढतानाच नानांसाठी व्हीलचेअर मागा. तिला वेगळे पैसे लागत नाहीत. काही जणांना त्यात कमीपणा वाटतो. पण मोठ्या विमानतळावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे मोठी पायपीट, आणि ते गुडघे पुढे तीन दिवस मेळ्यात लागणार आहेत. नानांना हे असंच सांगा. बर्लिनला जाताना बहुधा फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदलावं लागतं. तसं असेल तर युरोपात शिरण्याची तपासणी पहिल्याच विमानतळावर होते, बर्लिनला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवाशांची नवी डिजिटल नोंदणी सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ जातो. दोन विमानांमध्ये तीन तास तरी असू द्या, आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जायचा विचार असेल तर हे जास्तच पाळा. ओझरचं तिकीट वेगळं काढलं आणि ते विमान उशिरा सुटलं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही. मुंबईहून निघणार असाल, तर इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो, भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. रात्रीच्या विमानासाठी दुपारीच घर सोडा.

मेळा बहुधा बुधवार ते शुक्रवार असतो. तुम्ही सोमवारी पोचा, मंगळवारी नाही. २०२४ मध्ये मेळ्याच्या पहिल्याच दिवशी, ७ फेब्रुवारीला, लुफ्तान्साच्या विमानतळांवरच्या कर्मचाऱ्यांनी संप केला होता. फेब्रुवारीत तिथे असे संप आणि बर्फ दोन्ही होतात. शिवाय तिकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे आहे. पहिल्या रात्री नानांना दोन-अडीचलाच जाग येईल. एक दिवस हाताशी असला तर अंग रुळतं.

राहायची जागा निवडताना मेळ्यापासूनचं अंतर बघत बसू नका, लोकलची लाइन बघा. बर्लिन विमानतळावरून निघणारी एस ९ ही लोकल (तिथे तिला एस-बान म्हणतात) शहराच्या मधून जाते आणि थेट ‘मेसे झ्यूड’ स्टेशनात थांबते. तिथून मेळ्याचं दक्षिण दार चालत गाठता येतं. आलेक्झांडरप्लाट्झ, फ्रीडरिशश्ट्रासं, मुख्य स्टेशन, झू आणि शार्लोटेनबुर्ग ही सगळी स्टेशनं याच लाइनवर आहेत. यातल्या कुठल्याही स्टेशनापासून पाच मिनिटांवर खोली मिळाली, तर विमानतळ आणि मेळा दोन्हीकडे गाडी न बदलता जाल. नानांच्या गुडघ्यांसाठी याहून मोठी सोय नाही. मेळ्याच्या आठवड्यात भाडी चढतात, म्हणून रद्द करता येणारं बुकिंग आत्ताच करून ठेवा. खोलीच्या भाड्यावर साडेसात टक्के शहराचा कर पडतो, तो हिशेबात धरा. जमलं तर छोटं स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, कारण तुमच्याकडे नानांच्या जेवणाचा प्रश्न आहे.

लोकलच्या तिकिटाचं एक लक्षात ठेवा. विमानतळ ‘सी’ झोनमध्ये येतो, त्यामुळे तिथून येता-जाता एबीसी तिकीट लागतं. शहरात एबी पुरतं. मशिनमधून कागदी तिकीट घेतलं की फलाटावरच्या छोट्या खांबाच्या खाचेत घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, दंड ६० युरो. स्टेशनावर तुम्हाला अडवायला दार नसतं, तपासनीस साध्या कपड्यांत डब्यात येतो, आणि माहीत नव्हतं हे कारण तो ऐकत नाही.

थंडीचं म्हणाल, तर निफाडकरांना थंडी शिकवायची गरज नाही. पण आपल्याकडे पारा पहाटे उतरतो आणि दहा वाजता ऊन पडतं. बर्लिनला फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिवसभर शून्य ते चार-पाच अंश, वारा बोचरा, आणि पाचच्या सुमारास अंधार. नानांनी टोपी-पायजमाच घालावा. अगदी आनंदाने घालावा. आत अंगाला चिकटून बसणारी थर्मलची जोडी, वर सदरा, त्यावर लोकरी जाकीट आणि गुडघ्याखाली येणारा कोट. बाहेर पडताना गांधी टोपीवरून कानटोपी. हॉलमध्ये चांगलं ऊबदार असतं, कोट दारातल्या कोठीत जमा करता येतो, आणि आत नाना आपल्या नेहमीच्या वेषात हिंडतील. पैसे खरे खर्चायचेत ते बुटांवर. तळाला पकड असलेले, घोट्याला धरून ठेवणारे बूट घ्या. दिवाळीनंतर लगेच घेऊन रोज बागेत वापरायला लावा, म्हणजे तिथे टाच सोलणार नाही. तिथल्या फुटपाथवर पातळ बर्फ साचतो तो डोळ्यांना दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती.

जेवणाचं अवघड वाटतं तेवढं नाही. बर्लिनमध्ये शाकाहारी भरपूर मिळतं. दुकानात पाकिटावर हिरव्या-पिवळ्या रंगातलं ‘व्ही’चं चिन्ह पाहा. अडचण येते ती न दिसणाऱ्या गोष्टींची : भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचं पाणी, काही गोड पदार्थांत आणि फळांच्या दह्यांत जिलेटिन. ‘आम्ही मांस, मासे, अंडी आणि त्यांच्यापासून केलेलं काहीच खात नाही’ हे वाक्य जर्मनमध्ये छापून चार कार्डं खिशात ठेवा आणि वाढणाऱ्याला दाखवा. सकाळी खोलीवरच खाऊन निघा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कुकरशिवाय शिजेल असे बारीक तांदूळ, थालीपिठाची भाजणी. एकादशी त्या दिवसांत येते का ते पंचांगात बघून भगर आणि राजगिऱ्याचे लाडू आधीच बांधून ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. घरून बाटली न्या आणि भरत राहा. दुकानातल्या पाण्याला बहुधा सोडा असतो, आणि प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, ती रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये टाकली की परत मिळते. रविवारी किराण्याची बहुतेक दुकानं बंद. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. फॉरेक्स कार्ड आणि थोडे सुटे युरो दोघांकडे वेगवेगळे ठेवा. चार्जर दोन पिनांचा असेल तर तसाच बसतो, आपली तीन पिनांची जाड पिन बसत नाही.

आता मेळ्याकडे येते, कारण एवढा खटाटोप त्याच्यासाठी आहे. तिथे अडीच हजारांहून जास्त कंपन्या येतात. आत शिरून ‘बघू काय काय आहे’ म्हणत फिरलात तर तीन दिवसांत पाय दुखतील आणि पिशवीभर माहितीपत्रकं जमतील. मोठे खरेदीदार ठरलेल्या वेळेशिवाय बसत नाहीत. प्रदर्शकांची यादी आधीच ऑनलाइन असते. त्यातून द्राक्षं घेणारे आयातदार निवडा. भारतीय द्राक्षं युरोपात मुख्यतः नेदरलँड्समार्गे जातात, म्हणून डच कंपन्यांपासून सुरुवात करा. तुमच्या निर्यातदाराला आधी सांगून ठेवा. त्याच्या पाठीमागे गिऱ्हाईक गाठल्यासारखं झालं तर घरचा व्यवहार बिघडेल. डिसेंबरच्या शेवटापासून ई-मेल पाठवा, चार ओळींचे. दिवसाला चार भेटी पुरे. एकीपासून दुसरीपर्यंत निदान तासाभराचं अंतर ठेवा, हॉल लांब लांब आहेत आणि नानांना मधे बसायला हवं. दहाची वेळ असेल तर पावणेदहाला स्टॉलपाशी उभ्या राहा. शुक्रवारी दुपारनंतर आवराआवर सुरू होते, तेव्हा महत्त्वाचं काही ठेवू नका.

सोबत एकाच पानाचा कागद न्या. वरच्या भागात तुमचा गट, गाव, एकूण क्षेत्र, वाण (थॉमसन किती, क्रिमसन किती), ग्लोबल गॅप (चांगल्या शेतीपद्धतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) आहे का. खाली मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये, ब्रिक्स (गोडीचं माप), पॅकिंग, आणि कोणत्या आठवड्यात किती कंटेनर. युरोपातला खरेदीदार महिन्यात बोलत नाही, आठवड्याच्या क्रमांकात बोलतो. सहावा आठवडा, दहावा आठवडा. तुमच्या तोडणीचं वेळापत्रक तसं मांडून ठेवा. माल किती दिवसांत पोचेल, हे तो हमखास विचारेल. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे पुष्कळ बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि प्रवास लांबला. यंदाची स्थिती निर्यातदाराकडून निघण्याआधी विचारून घ्या. आणि उत्तर माहीत नसेल तर ‘घरी विचारून उद्या कळवते’ म्हणा आणि खरंच कळवा.

इंग्रजीचं मनातून काढून टाका. तिथे समोर बसलेला डच, स्पॅनिश, तुर्की किंवा पोलिश माणूस असेल. त्याचीही ती शिकलेली भाषा आहे आणि तोही सोप्या शब्दांत, सावकाश बोलतो. तुम्ही बोला, आणि पिकाचा प्रश्न आला की नानांकडे वळा. साखर भरायला यंदा किती दिवस लागले, मण्याला तडा कधी जातो, कोणता प्लॉट टिकतो, हे नानांनी मराठीत सांगावं, तुम्ही दोन वाक्यांत इंग्रजीत मांडावं. ज्याने स्वतःच्या हाताने बाग उभी केली, तो माणूस समोर आहे, हे खरेदीदाराला कळतं. मेळ्यात दलाल आणि विक्री प्रतिनिधी पुष्कळ भेटतात. पिकवणारा क्वचित भेटतो. तुमच्या गटाने नानांना निवडलं, ते मला फार योग्य वाटतं.

एक काम मेळ्याबाहेरचं सांगते, ते टाळू नका. मंगळवारी संध्याकाळी जवळच्या लिडल, आल्डी, रेवे किंवा एडेका दुकानात जा आणि द्राक्षांच्या फळीपाशी अर्धा तास उभे राहा. पनेट (फळांचे छोटे डबे) बहुधा ५०० ग्रॅमचे. त्यावर माल कोणत्या देशाचा, कोणता वर्ग, बहुतेकदा वाणही छापलेलं असतं. त्या दिवसांत दक्षिण आफ्रिकेचा आणि पेरूचा माल फळीवर दिसेल. नानांना एक पनेट विकत घेऊन खोलीवर उघडायला द्या. काडी हिरवी आहे की वाळली, मणी दाबल्यावर गळतो का, तळाशी ओल धरली आहे का, गोडी किती, हे ते तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा लवकर सांगतील. ते सगळं वहीत लिहा, किंमतही लिहा. दुसऱ्या दिवशी खरेदीदारापुढे बसाल तेव्हा आपला माल कुणाशी तोलला जातोय, हे तुम्हाला चाखून माहीत असेल.

शनिवारचा दिवस नानांसाठी ठेवा. ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि १९६१ ते १९८९ उभ्या असलेल्या भिंतीचा उरलेला भाग पाहा, दोन्हीकडे लोकलने जाता येतं. रविवारी निघा. काही अडलं तर ११२ हा नंबर तातडीच्या मदतीसाठी आहे, आणि आपली वकिलात टियरगार्टनश्ट्रासवर आहे.

राहिला तोडणीचा प्रश्न. घरच्यांची काळजी खोटी नाही, वर्षाचं पीक त्याच दिवसांत निघतं. पण जो प्लॉट नेमका त्या आठवड्यात तयार होईल, त्याची छाटणी चार-आठ दिवस पुढेमागे करून तोडणी सरकवता येते, आणि ते ठरवायचे दिवस आत्ताचे आहेत. यजमानांशी आजच बसून प्लॉटवार तारखा लिहा. मजुरांच्या टोळीला, पॅकहाउसला आणि निर्यातदाराच्या माणसाला या आठवड्यात निर्णय कुणाचा चालेल ते नाव घेऊन सांगा, नाहीतर जो तो नानांना फोन लावत राहील. फोनची एकच वेळ ठेवा. बर्लिनला सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे दुपारचे बारा. तोवर सकाळची तोडणी उरकून क्रेट पॅकहाउसला गेलेले असतात, माल किती निघाला ते कळलेलं असतं, आणि तुम्हालाही मेळ्याला निघायला तासभर असतो.